मुलाचा हत्ती मुलालाच करू द्या

“आई, उद्या एक प्राणी करून न्यायचाय!” हे वाक्य नेमकं रात्रीचा कुकर लावताना ऐकायला मिळालं नाही, अशी पहिली-दुसरीतल्या मुलाची आई विरळाच. मग काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. घरात कार्डशीट नसतं, डिंकाची बाटली वाळून खडखडीत झालेली असते, आणि बाबांना कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात पिटाळलं जातं. जेवणं उरकून पसारा मांडला जातो. दहा मिनिटं मूल हौसेने हात लावतं. मग “थांब, वाकडं कापशील,” “थांब, डिंक सांडेल,” असं होता होता कात्री आईच्या हातात येते. साडेनऊला मूल पेंगायला लागतं आणि अकरा वाजता आई एकटीच हत्तीला डोळे चिकटवत बसलेली असते. सकाळी हत्ती झोकात शाळेत जातो. नाव मुलाचं, हात आईचा!

मैत्रिणींनो, मी लहान वर्गांना अर्धवेळ शिकवते, म्हणून आतली गोष्ट सांगते. टेबलावर तीस-पस्तीस प्राणी मांडलेले असले, तरी कुठला आईने केला आणि कुठला मुलाने, हे ओळखायला बाईंना क्षणभरही लागत नाही. सरळ कापलेल्या कडा, मोजून लावलेल्या टिकल्या, एकाच मापाचे चार पाय, म्हणजे आईचा हत्ती. शंका असलीच, तर एक प्रश्न पुरतो. “याची सोंड कशी रे केलीस?” आईचा हत्ती आणलेलं मूल खाली मान घालतं. आणि ज्याने स्वतः केलाय, तो सोंड तीनदा कशी पडली, मग बाबांच्या मोज्याचा तुकडा कसा सापडला, हे इतकं रंगवून सांगतो की त्याला थांबवावं लागतं.

प्रश्न एका हत्तीचा नाही. सहा-सात वर्षांचं मूल त्या रात्री एक धडा घेऊन झोपतं, की माझ्या हातचं काम चारचौघांत दाखवण्याजोगं नसतं, ते मोठ्यांनी करायचं असतं. हा धडा एकदा मनात बसला की पुढे निबंध असो, गणित असो, “तूच सांग ना आई” सुरू होतं. म्हणून आज मुलांकडून प्राणी कसे करून घ्यावेत, म्हणजे खरं तर त्यांना ते कसे करू द्यावेत, याबद्दल चार गोष्टी.

मुलाला प्राणी कसा दिसतो?

या वयाचं मूल डोळ्यांना दिसतं ते काढत नाही, त्याला जे माहीत असतं ते काढतं. गाईला चार पाय असतात हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो चारही पाय कंगव्याच्या दातांसारखे एका ओळीत काढतो. मांजर बाजूने काढलं तरी दोन्ही डोळे पाहिजेतच. मनीला पिल्लं होणार हे घरात बोललं गेलं असेल, तर तिच्या पोटात पिल्लंही दिसतील. आपण लगेच म्हणतो, “अरे, पोटातलं कधी दिसतं का?” पण ती चूक नाही. त्या वयाची ती भाषाच आहे. बोबडे बोल जसे आपोआप जातात, तशीच ही भाषाही मूल मोठं होईल तशी बदलते. घाई करून दुरुस्त केली, तर मूल बोलायचंच बंद होतं.

मुलांच्या चित्रांचा अभ्यास करणारे व्हिक्टर लोवेनफेल्ड हे मूळचे ऑस्ट्रियाचे, पुढे अमेरिकेत शिकवणारे प्राध्यापक. 1947 साली त्यांचं या विषयावरचं मोठं पुस्तक निघालं. छापील चित्रात नुसते रंग भरायच्या पुस्तकांना त्यांचा ठाम विरोध होता. मूल आपल्या मनाने पक्षी काढत असतं. त्याला छापील पक्षी गिरवायला दिला की पुढे त्याचा स्वतःचा पक्षी हरवतो आणि ते त्या छापील पक्ष्याचीच नक्कल करू लागतं, असं त्यांचं सांगणं. प्रवासात, दवाखान्यात थांबताना रंग भरायचं पुस्तक जवळ असलं तर बिघडत नाही. पण चित्रकला म्हणजे तेच, असं मात्र होऊ देऊ नका.

आधी डोळे, मग हात

“हत्ती कर” म्हटलं की मूल गोंधळतं, कारण हत्ती त्याने बहुधा पडद्यावरच पाहिलेला असतो. त्यापेक्षा रोज दिसणारा प्राणी निवडा, आणि हातात कागद देण्याआधी दोन दिवस नुसतं बघायला लावा. सांगू नका, विचारा.

भाजी आणायला जाताना रस्त्यात गाय बसलेली असते. तिचे कान शिंगांच्या वर की खाली? म्हशीची शिंगं गाईसारखीच की मागे वळलेली? कोंबडीच्या पायाची बोटं किती पुढे, किती मागे? (तीन पुढे, एक मागे.) बकरीच्या डोळ्यातली काळी रेघ आडवी की उभी? (आडवी.) मुंगीला पाय किती आणि कोळ्याला किती? (सहा आणि आठ.) अंगणातल्या खारीच्या पाठीवर पट्टे किती? हे मात्र मोजूनच यायला सांगा, कारण कुठे तीन पट्ट्यांची खार दिसते, कुठे पाच.

असं बघून आलेल्या मुलाला “कसं काढू?” हा प्रश्न पडत नाही. त्याच्या खारीची मान कदाचित गायब असेल, पण पट्टे बरोबर असतील. तेच त्याने मिळवलेलं असतं.

हे सारं आपल्या घरातलंच

प्राणी घडवणं हे काही शाळेने आणलेलं नवं खूळ नाही. नागपंचमीला पाटावर नाग काढतात. चैत्रांगणात कासव, हत्ती, नाग असतात. चातुर्मासात गोपद्मं काढतात. पोळ्याला घरोघरी मातीचे बैल पुजले जातात, आणि विदर्भात दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी बैल सजवून मिरवतात. दिवाळीच्या किल्ल्यावर वाघ लागतोच. डहाणू-तलासरीकडच्या वारली बायका गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहीत आल्या. पुढे जिव्या सोमा म्हसे यांनी ती चित्रं कागदावर आणून जगापुढे नेली, आणि 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्रिकोण, गोल आणि रेघ एवढ्यावरच ही चित्रं उभी असतात. मुलाला ही रीत चटकन जमते.

त्याच भागात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढे कोसबाडला हे काम वाढवलं. महागडी साधनं आणायची कुठून? त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे यांचीच शिकण्याची साधनं केली. आपल्याला तर त्याहून सोपं आहे. आपलं साहित्य स्वयंपाकघरात आणि रद्दीत पडलेलं आहे.

सहा प्रकार, सहा ते आठ वर्षांच्या मुलांसाठी

*1. मातीचा बैल*

शाडू किंवा कुंभाराकडची माती घ्या आणि भाकरीच्या पिठाइतकी मऊ मळून द्या. मळायलाही मुलालाच लावा, त्यातच निम्मी मजा आहे. पाय, शिंगं वेगळी करून चिकटवण्यापेक्षा एकाच गोळ्यातून ओढून काढायला सांगा. नुसते चिकटवलेले भाग वाळल्यावर गळून पडतात. चिकटवायचेच असतील, तर दोन्ही बाजूंना काडीने रेघा पाडून मध्ये पातळ कालवलेली माती लावायची. पाय जाड आणि आखूड ठेवायचे. मुलाचा बैल बसका झाला, तर तो बसलेला बैल! सावलीत तीन-चार दिवस वाळवा. कडक उन्हात घाईने वाळवला की तडे जातात. वाळल्यावर गेरूने रंगवा, आणि झूल म्हणून ब्लाउजपीसचा तुकडा घाला.

*2. मिठाच्या पिठाचं कासव*

माती मिळत नसेल तिथे हा उपाय. 2 वाट्या मैदा, 1 वाटी बारीक मीठ, 1 चमचा तेल. पाऊण ते 1 वाटी पाणी लागेल तसं घालून घट्ट मळा. एक मोठा चपटा गोळा म्हणजे पाठ, चार छोटे म्हणजे पाय, एक डोकं आणि एक चिमुकली शेपटी. पाठीवरची नक्षी उठवायला काटाचमचा, कंगवा, सोऱ्याची चकती, बटण असं काहीही द्या आणि कुठला ठसा कसा उठतो ते त्याचं त्याला शोधू द्या. दोन-तीन दिवस उलटसुलट करून वाळवा, मग रंगवा. पावसाळ्यात मीठ ओल धरतं आणि कासव मऊ पडतं, म्हणून हा प्रकार हिवाळा-उन्हाळ्यात करावा.

*3. फाडलेल्या कागदाचं शेकरू*

शेकरू हा आपला राज्यप्राणी. भीमाशंकरच्या जंगलात तो दिसतो. पाठ तांबूस तपकिरी, पोट फिकट, आणि शेपूट अंगापेक्षाही लांब! ज्या मुलांची कात्री अजून नीट चालत नाही, त्यांच्यासाठी हे काम फार चांगलं. कागद कापायचा नाही, बोटांनी फाडायचा. मरून रंगाच्या जुन्या लग्नपत्रिका, मासिकांची तपकिरी पानं, खाकी पाकिटं यांचे तुकडे फाडून मोठ्या कागदावर चिकटवायचे. फाटलेल्या कडा केसाळ दिसतात, त्या प्राण्याच्या अंगावर छान शोभतात. शेपटीला नारळाची शेंडी लावा. वर्गात ही शेपूट लावताना मी पाहिलंय, मुलं आधी ती गालावर फिरवून बघतात, मग चिकटवतात.

*4. घडीचं फुलपाखरू*

जाडसर कागदाची मधोमध घडी घालून उघडायची. एकाच बाजूला दोन-तीन रंगांचे ओले ठिपके टाकायचे, पुन्हा घडी मिटून तळहाताने दाबायचं आणि उघडायचं. दोन्ही पंख सारखे! सात वर्षांचं मूल हे एकदा करून थांबत नाही, म्हणून पाठकोरे कागद भरपूर ठेवा. मधोमध काडीने अंग आणि डोक्यावर दोन मिशा. सोबत सांगायला एक गोष्ट: 2015 साली महाराष्ट्राने ब्लू मॉरमॉन हे काळं-निळं फुलपाखरू राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं. काळा आणि निळा रंग दिलात, तर मूल कदाचित तेच करून दाखवेल. नमुन्यासाठी जिवंत फुलपाखरू धरू मात्र नका. नुसतं बघितलं तरी पुरतं.

*5. ठशांचं प्राणिसंग्रहालय*

बशीत ओला स्पंज, त्यावर थोडा रंग. अंगठा टेकवायचा आणि कागदावर उठवायचा. ओळीने तीन ठसे म्हणजे मुंगी. तिचे सहाही पाय मधल्या ठशातून काढायचे. एका ठशाला शेपूट आणि दोन कान लावले की उंदीर, चोच लावली की पिल्लू. भेंडीचा देठाकडचा भाग आडवा कापून उमटवला की सुरेख पाकळ्यांचा ठसा येतो. मोराच्या पिसाऱ्याला तो छान दिसतो. अर्ध्या बटाट्याचा ठसा म्हणजे बदकाचं अंग. यात चित्र “येत नाही” असं म्हणणारं मूलही रमतं, कारण अंगठा सगळ्यांनाच येतो.

*6. पिशवीचा बोलका प्राणी*

वाण्याकडची कागदी पिशवी उलटी धरली की तळाची चपटी घडी म्हणजे तोंड होतं. आत हात घालून बोटांनी उघडमीट करता येते. वर डोळे, कान, आयाळ, आणि घडीच्या आत लाल कागदाची जीभ. पिशवी नसेल तर जोडी हरवलेला मोजा घ्या. हा प्रकार बुजऱ्या मुलांसाठी मुद्दाम करा. जे मूल वर्गात तोंड उघडत नाही, ते सिंहाआडून धडाधड बोलतं. संध्याकाळी घरातले सगळे बसून त्या सिंहाशी थोड्या गप्पा मारा. दिवसभरात शाळेत काय झालं, ते तुम्हाला मुलाकडून कळणार नाही, पण सिंहाकडून कळेल.

एवढं मात्र सांभाळा

मातीच्या प्राण्यांना डोळे म्हणून लाल-काळी गुंज लावायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. दिसते सुंदर, पण गुंज अतिशय विषारी असते. भोक पाडलेली, फुटलेली किंवा चावलेली बी पोटात गेली, तर जिवावर बेतू शकतं. एरंडाचं बीही तसंच विषारी. या दोन्ही बिया मुलांच्या हाती देऊच नका. डोळ्यांना मसूर, मिरे किंवा राजगिऱ्याएवढी मातीची गोळी पुरते. घरात रांगतं बाळ असेल, तर मणी आणि बटणंही दूर ठेवा.

चिकटवायला घरची खळ उत्तम. 2 चमचे मैदा 1 वाटी गार पाण्यात गुठळी न होता कालवायचा आणि मंद आचेवर चकाकी येईपर्यंत ढवळायचा. कीड लागू नये म्हणून पूर्वी पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद घालत. मुलांच्या खळीत तो अजिबात घालू नका, तोही विषारीच आहे. लागेल तेवढी खळ ताजी करा, उरलेली फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहते.

मिठाचं पीठ खायचं नाही, हे मुलाला आधीच बजावा. कुत्र्या-मांजराच्या वाटेत तर ते पडू देऊच नका, इतकं मीठ त्यांना फार बाधतं. थर्माकोल टाळा. 2018 च्या प्लॅस्टिकबंदीत थर्माकोलच्या सजावटीच्या वस्तूही आल्या आहेत, शिवाय तो कापताना उडणारा भुगा घरभर होतो तो वेगळाच. कात्री बोथट टोकाची, आणि पुठ्ठा कापायची सुरी फक्त तुमच्या हातात.

मग आईने काय करायचं?

खूप काही! वर्तमानपत्र पसरायचं, साहित्य मांडायचं, जाड पुठ्ठा कापून द्यायचा, आणि जवळ बसायचं. हातात भाजी निवडायला घ्या, म्हणजे हात शिवशिवणार नाहीत. बाह्यरेषा काढून देऊ नका. “हे काय केलंस?” असं विचारू नका, त्याऐवजी “मला याच्याबद्दल सांग” म्हणा. नुसतं “छान” म्हणण्यापेक्षा दिसलेली एखादी गोष्ट बोला. “शेपटीला किती केस लावलेस!” एवढं म्हटलं की मुलाला कळतं, आईने खरंच बघितलंय. ताईचा प्राणी शेजारी ठेवून तुलना तर नकोच. आणि मूल झोपल्यावर कान सरळ करण्याचा मोह आवरा. सकाळी ते त्याला नक्की दिसतं.

“पण मग मार्क?” तुम्ही विचाराल. खरं आहे, काही शाळांत अजून आईच्या हत्तीलाच पहिला नंबर मिळतो. मुलाने स्वतः केलेला प्राणी मागच्या रांगेत जातो आणि ते हिरमुसून घरी येतं. तेव्हा त्याची समजूत घाला, पण पुढच्या वेळी कात्री हातात घेऊ नका. पालकसभेत चार जणी मिळून बाईंशी बोला. प्राणी घरून मागवण्याऐवजी वर्गातच करून घ्या, साहित्य आम्ही पाठवतो, असं सुचवा. ते जमत नसेल तर निदान आठवडाभर आधी सांगा, म्हणावं. एकटीने बोललं की तक्रार वाटते, चौघींनी बोललं की सूचना होते. बऱ्याच शिक्षिकांना हे मनातून पटलेलंच असतं, पण “पालकांनाच सुबक हवं असतं” असं त्यांना वाटत असतं.

घरी केलेल्या प्रत्येक प्राण्याच्या मागे तारीख, मुलाचं वय आणि त्याने त्याबद्दल सांगितलेलं एखादं वाक्य त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. दाराच्या मागे दोरी बांधून चिमट्याने लावा. जागा पुरेनाशी झाली की वर्षातून चार निवडून जपा. कुठले चार, हे त्याला ठरवू द्या.

आणि हे सगळं रात्री साडेआठला सुरू होऊ नये, म्हणून आजच एक मोठा डबा बाजूला काढा. त्यात पाठकोरे कागद, जुन्या पत्रिका, काड्यापेट्या, दोऱ्याची रिळं, नारळाची शेंडी, सुतळी, कापडाच्या चिंध्या, एकेकटे मोजे आणि बोथट कात्री टाका. त्यावर मुलाचं नाव त्याच्याच हाताने लिहून घ्या, आणि डबा त्याचा हात पोहोचेल अशा फळीवर ठेवा.